ताज्या कापलेल्या फळ्यांची थप्पी: खालच्या फळ्या लाटांसारख्या व्हायला लागल्यात, काय चुकलं?

ओली_फळी
नमस्कार मंडळी. आंब्याचा जुना वृक्ष वादळात पडला, त्याचा ओंडका वाया जाऊ द्यायचा नाही असं ठरवून मिलमधून फळ्या कापून आणल्या. सव्वा इंच जाडी, साधारण दहा इंच रुंदी, आठ फूट लांबी, एकूण ३४ फळ्या. मधे पट्ट्या घालून थप्पी लावली त्याला आज तीन आठवडे झाले. काल खाली बसून बाजूने बघितलं तर सगळ्यात खालच्या पाच-सहा फळ्या सरळ नाहीत, एका टोकाकडून बघितलं की पाण्यावर लाटा याव्यात तशा वरखाली दिसतात, वरच्या मात्र सरळ आहेत. आणि जिथे पट्टी टेकलीये तिथे काळपट डाग पडलेत. या लाकडाचं मोठं टेबल करायचंय, झाडाशी खूप आठवणी जोडलेल्या आहेत म्हणून जीव तुटतोय. काय चुकलं आणि आता काही करता येईल का?

मिलवर_२०_वर्षं
ताई, आधी हे सांगा. पट्ट्या किती आणि किती अंतरावर? खाली जमिनीवर आधार कसले आणि किती? पट्ट्या कुठल्या लाकडाच्या, वाळलेल्या की ताज्या? टोकांना काही लावलंय का? वरून काय झाकलंय? लाटा म्हणताय त्यावरून मला अंदाज आलाय पण आधी ऐकतो.

ओली_फळी
पट्ट्या प्रत्येक थराला ७, सोळा इंचावर. खाली सिमेंटचे ठोकळे, त्यावर ४ आडवे वासे. पट्ट्या त्याच झाडाच्या कडेच्या तुकड्यांच्या कापून घेतल्या, म्हणजे ओल्याच म्हणायच्या. टोकांना उरलेला ऑइलपेंट लावला पण चौथ्या दिवशी, तोपर्यंत बारीक चिरा दिसायला लागल्या होत्या. वरून ताडपत्री टाकलीये, पाऊस लागू नये म्हणून चारही बाजूंनी खालपर्यंत सोडून बांधलीये.

ओळंबा
सापडलं. ७ पट्ट्या आणि ४ वासे. म्हणजे १, ३, ५, ७ नंबरच्या पट्टीखाली वासा आहे, २, ४, ६ खाली काहीच नाही. वरच्या सगळ्या फळ्यांचं वजन पट्ट्यांच्या रांगेतून खाली उतरतं, अगदी खांबातून उतरावं तसं, आणि २, ४, ६ च्या रांगेत ते येऊन टेकतं कुठे तर सगळ्यात खालच्या फळीच्या पोटावर, जिच्याखाली हवा आहे. ओली फळी मऊ असते, ती दबणारच. वरच्या फळ्यांवर कमी वजन म्हणून त्या सरळ दिसतात. पट्टीखाली पट्टी, तिच्याखाली पट्टी, आणि सगळ्यात खाली वासा, ही रांग ओळंब्यात पाहिजे. मी थप्पी लावताना प्रत्येक चार थरांनी खरंच ओळंबा सोडून बघतो. एक पट्टी दोन इंच इकडेतिकडे सरकली तरी तेवढ्या जागी फळी तिरकी दबते आणि वाळल्यावर तो बाक तसाच घट्ट होतो, मग रंधा मारून मारून अर्धी जाडी जाते.

चांगली बातमी अशी की तीनच आठवडे झालेत. लाकडातलं पाणी दोन प्रकारचं असतं, एक पेशींच्या पोकळीत मोकळं भरलेलं आणि दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. आधी मोकळं पाणी जातं, तोवर लाकूड आकसत नाही. साधारण २८ ते ३० टक्के ओलावा उरला की मोकळं पाणी संपलेलं असतं आणि मग भिंतीतलं जायला लागतं, तिथून खरा आकस सुरू होतो. सव्वा इंची फळी तीन आठवड्यांत आतून तिथे पोचलेली नसणार. आत्ताच थप्पी उतरवून परत लावा, खालच्या फळ्या वर घ्या.

मिलवर_२०_वर्षं
ओळंबा बरोबर बोलतायत, माझाही अंदाज तोच होता. पण माझ्या मते त्याहून मोठी चूक ताडपत्रीची आहे. चारही बाजूंनी बांधलीत म्हणजे फळ्यांमधून निघालेली वाफ आतच कोंडली. काळे डाग आणि बुरशी तिथूनच येते. आंबा हे तर डागाला अगदी हळवं लाकूड, गरम दमट हवेत दोन-तीन दिवसांत निळसर करडी छटा धरतं, म्हणून कापलं त्याच दिवशी थप्पी लागली पाहिजे.

हवा थप्पीत कशी फिरते ते नीट सांगतो कारण हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. कोरडी हवा बाजूने आत शिरते, फळीवरचा ओलावा उचलते, ओलावा उचलताना ती थंड होते, थंड झाली की जड होते आणि खाली बसते. म्हणजे ओली थंड हवा थप्पीच्या तळाशी गोळा होते. तिला बाहेर पडायला खाली मोकळी जागा नसेल तर तळाच्या फळ्या आठवडेच्या आठवडे ओल्याच राहतात. म्हणून जमिनीपासून किमान दीड फूट उंच घ्या, खालचं गवत काढा, जमिनीतून ओल येत असेल तर प्लास्टिक अंथरा, आणि ठोकळे असे ठेवा की वारा आरपार जाईल. फळ्यांची लांब बाजू वाऱ्याला सामोरी हवी, म्हणजे पट्ट्यांच्या मधल्या फटींतून वारा आडवा निघून जातो. एकाच थरातल्या दोन फळ्यांमधेही इंचभर फट सोडा.

वरून फक्त छप्पर. पत्रा, उतार देऊन, चारही बाजूंना फूटभर बाहेर आलेला, आणि पत्रा आणि वरच्या फळीमधे वीतभर जागा. बाजू उघड्या. तिरका पाऊस येतो आणि कडा थोड्या भिजतात, भिजू देत, वरवर भिजलेली फळी दोन दिवसांत परत सुकते, कोंडलेली सुकत नाही.

भर_दुपार
मला एक कळत नाही, एवढा खटाटोप कशाला? उन्हाळ्यात फळ्या सरळ उन्हात भिंतीला टेकवून ठेवल्या की पंधरा दिवसांत हाताला कोरड्या लागतात. मी स्टूल-बिल असंच केलंय, काही झालं नाही.

रंधा_पटाशी
भर_दुपार, लहान तुकड्यांना चालून जातं, रुंद फळ्यांना नाही. मी हे स्वतः भोगलंय म्हणून कळकळीने लिहितोय. बाभळीच्या बारा फळ्या होत्या, बारा इंच रुंद, दीड इंच जाड, असं लाकूड परत मिळणार नाही अशी. घाई होती म्हणून एप्रिलच्या उन्हात उभ्या केल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी जवळच काम करत होतो आणि टक् असा आवाज आला, बोटं मोडल्यासारखा. मग थोड्या वेळाने परत. जवळ जाऊन बघितलं तर उन्हाकडच्या अंगावर केसासारख्या बारीक चिरा, शेकड्याने, लाकडाच्या रेषेतच. संध्याकाळी हवेत ओलावा आला की मिटायच्या, मला वाटलं भरून आल्या. काही भरून आलं नव्हतं. पॉलिश लावलं तेव्हा प्रत्येक चीर पॉलिश पिऊन काळी उठून दिसली. चार फळ्या तर वाळेपर्यंत पन्हळीसारख्या झाल्या.

होतं काय की उन्हाने वरचा थर झटकन वाळून आकसायला बघतो आणि आतला भाग ओला फुगलेला असतो, तो आकसू देत नाही, मग वरचा थर फाटतो. हाताला कोरडी लागली म्हणजे फक्त कातडी कोरडी. लाकूड वाळवायला ऊन नकोच आहे, सावली आणि वारा हवाय. आणि वाराही फार गरम कोरडा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे वाऱ्याच्या बाजूला शेडनेट लावा. ताई, तुमची ताडपत्री चूक आणि माझं ऊनही चूक, मधला रस्ता धरायचा.

भर_दुपार
पॉलिशमधे चिरा उठून दिसणं हे माझ्याही एका पाटाला झालं होतं, मला वाटायचं पॉलिश खराब होतं. समजलं आता.

नवा_हात
छान धागा. दोन प्रश्न. पन्हळीसारखं वाकणं नेहमी एकाच दिशेला का होतं? आणि एक इंचाला एक वर्ष असं ऐकलंय ते खरं का?

रंधा_पटाशी
पहिल्याचं उत्तर. लाकूड सगळीकडे सारखं आकसत नाही. वर्तुळांच्या रेषेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. फळीचं टोक समोर धर, कमानीसारख्या रेषा दिसतील. वाळताना त्या कमानी सरळ व्हायला बघतात. म्हणून साल ज्या अंगाला होती ते अंग खोलगट होतं. रेषा उभ्या असलेली फळी, म्हणजे ओंडक्याचे चार भाग करून कापलेली, त्यामुळेच सपाट राहते. आणि जिच्यात बरोबर मधला गाभा आला ती फुटतेच, तिला कितीही जपा. ती फळी मधोमध चिरून गाभा काढून टाकायचा, दोन अरुंद चांगल्या फळ्या मिळतात.

मिलवर_२०_वर्षं
दुसऱ्याचं उत्तर. इंचाला वर्ष हा फार ढोबळ हिशोब आहे. हलकं लाकूड, कोरडी हवा असेल तर इंची फळी काही महिन्यांत होते, जड लाकूड दमट हवेत वर्षालाही होत नाही. आणि जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, त्याहून बराच जास्त लागतो. कॅलेंडर बघून लाकूड वाळलं असं कधीच म्हणू नका, मोजा.

सावकाश_सावकाश
काळ्या डागांबद्दल कोणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहिते. ओल्या लाकडाच्या पट्ट्या हेच कारण. जिथे पट्टी टेकते तिथे हवा लागत नाही, त्यात पट्टीच ओली असेल तर ती जागा दिवसेंदिवस ओली राहते आणि तिथे डाग उतरतो, तो नुसता वरवर नसतो, कधीकधी रंध्याने निघतच नाही. शिवाय ओल्या पट्ट्या स्वतः आकसतात, एक जास्त एक कमी, म्हणजे थप्पीची पातळी बिघडते. पट्ट्या पूर्ण वाळलेल्या, इंच बाय इंच चौकोनी, आणि सगळ्या एकाच जाडीच्या हव्यात. चौकोनी अशासाठी की कशीही ठेवली तरी जाडी तीच. मी माझ्या पट्ट्या मशीनवर एकदम काढून ठेवल्यात, गठ्ठा बांधून कोरड्या जागी असतात, दुसऱ्या कामाला हातही लावू देत नाही.

आणि टोकं! टोकाकडून पाणी बाजूच्या मानाने दसपट वेगाने जातं, पेशी सगळ्या लांबीच्या दिशेने नळ्यांसारख्या असतात ना. म्हणून टोकं आधी फाटतात. ओंडका पडला त्याच दिवशी टोकाला मेण किंवा जाड पेंट फासायला हवा, कापल्यानंतर चार दिवसांनी नाही. सगळ्यात टोकाची पट्टी अगदी फळीच्या काठाशी ठेवायची, त्यानेही टोकं सांभाळली जातात.

ओली_फळी
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचून लगेच कामाला लागले. शनिवारी आम्ही तिघांनी अख्खी थप्पी उतरवली. ओल्या फळ्या काय जड असतात, दोघांनी उचलायला लागत होत्या. उतरवताना ताडपत्री काढली तेव्हा आतून आंबूस वास आला आणि तिच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते, मिलवाल्या दादांनी लिहिलं तेच डोळ्यांनी बघितलं. खालच्या दोन थरांवर पांढरी बुरशी होती, ती ब्रशने कोरडीच घासून काढली.

ठोकळे एकावर एक लावून दीड फूट उंची केली, आता ७ वासे, प्रत्येक पट्टीच्या रांगेखाली एक. दोरी ताणून आणि लेव्हल लावून सगळे वासे एका पातळीत आणले, यातच अर्धा दिवस गेला. एका ठोकळ्याखाली पत्र्याचे तीन तुकडे सारावे लागले. पट्ट्या नव्या, वाळलेल्या सागाच्या. वासे आणि पट्ट्यांच्या टोकांना खडूने नंबर टाकले म्हणजे रांग चुकत नाही. लाटा आलेल्या फळ्या वरून दुसऱ्या-तिसऱ्या थरात घेतल्या. गाभा आलेल्या तीन फळ्या होत्या, दोन चिरल्या, एक तशीच ठेवलीये कारण चिरायला मन झालं नाही.

ओळंबा
उत्तम. वासे लेव्हलला आणायला लागलेला अर्धा दिवस पुढे रंध्याचे चार दिवस वाचवतो. वरच्या थरावर वजन ठेवलंत का? खालच्या फळ्यांना वरच्यांचं वजन असतं, पण सगळ्यात वरच्या तीन-चार थरांना कोणी दाबून धरत नाही, तेच पिळतात. सिमेंटचे ठोकळे ठेवा, पण पट्टीच्या रांगेवरच, मधे नको.

कीड_नको
आंबा आहे म्हणून भुंग्याचं सांगायलाच हवं. बारीक भुंगे लाकडातल्या पिठूळ अंशावर जगतात, आणि आंब्यात तो भरपूर. वर्षभराने टेबलाखाली मैद्यासारखी बारीक पूड पडायला लागते आणि टाचणीएवढी भोकं दिसतात, तोवर उशीर झालेला असतो. आत्ता फळ्या ओल्या आहेत तेव्हाच बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड, वजनाने दीडास एक, गरम पाण्यात विरघळवून दोन्ही अंगांना आणि कडांना ब्रशने दोनदा लावा. ओल्या लाकडात ते पाण्याबरोबर आत मुरतं, वाळलेल्यात वरच राहतं. हातमोजे घाला, मुलं-जनावरं लांब ठेवा. पावसाने धुऊन जातं म्हणून पत्रा नीट हवा.

दुसरा मार्ग भट्टीचा. लाकडी खोकी आणि पॅलेट परदेशी पाठवताना नियमच आहे की लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापलं पाहिजे, कीड मरते. पण नंतर परत लागू शकते, बोरॅक्स आत राहतो हा त्याचा फायदा.

जुनी_रीत
पूर्वी ओंडके कित्येक महिने पाण्यात बुडवून ठेवायचे, त्याचंही कारण हेच, आतला रस आणि पीठ विरघळून निघून जायचं आणि पाण्यात असेपर्यंत ओंडका तडकायचाही नाही. पण बाहेर काढून फळ्या केल्या की थप्पी लावावीच लागते, ते काही टळत नाही.

नवा_हात
मोजा म्हणालात, पण मीटर नसेल तर? दोन पिनांचा स्वस्तातला मीटर बरा असतो का?

मिलवर_२०_वर्षं
पिनांचा मीटर ३० टक्क्यांच्या वर भरवशाचा नसतो, खाली आल्यावर बऱ्यापैकी सांगतो. ताजी कापलेली कड बघा, वरच्या पृष्ठावर पिना टोचून आतलं कळत नाही. सगळ्यात खात्रीचा मार्ग वजनाचा, आणि तो कोणालाही जमतो. एक फळी बळी द्यायची. टोकाकडचा दीड फूट सोडून आतून अडीच फुटांचा तुकडा काढायचा, त्याच्या शेजारचा इंचभर रुंद काप काढायचा. दोन्हीचं वजन लगेच, तिथल्या तिथे. मोठ्या तुकड्याच्या टोकांना मेण लावून त्याला थप्पीतच अशा जागी ठेवायचं की काढता-घालता येईल. छोटा काप ओव्हनमधे १०३ अंशाला, वजन उतरायचं थांबेपर्यंत, बहुतेक एक दिवस. ओल्या वजनातून कोरडं वजा करा, कोरड्याने भागा, शंभराने गुणा. तो ओलावा. मोठ्या तुकड्याचं कोरडं वजन त्यावरून काढता येतं आणि मग दर आठवड्याला फक्त काटा बघायचा.

ओली_फळी
केलं! काप ओला १५४ ग्रॅम, ओव्हनमधून काढल्यावर ११०. म्हणजे ४० टक्के. ओळंबा म्हणाले तसंच, अजून तिशीच्या वरच होतं. मोठा तुकडा ४.९०० किलो, म्हणजे त्याचं कोरडं वजन ३.५०० धरायचं. थप्पीच्या मधोमध ठेवलाय, वही केलीये.

ओली_फळी
सात आठवड्यांनी अपडेट देतेय. तुकडा ४.३७५ वर आला, म्हणजे २५ टक्के. पहिल्या आठवड्यांत भराभर उतरत होतं, आता हळू झालंय. लाटा आलेल्या फळ्या बऱ्याचशा बसल्या, एकीला अजून थोडा बाक आहे. नवीन पट्ट्यांखाली एकही डाग नाही, जुने आहेत तसेच आहेत.

नवा_हात
किती टक्क्यांना काढायच्या?

सावकाश_सावकाश
बाहेर थप्पीत लाकूड हवेच्या पलीकडे वाळतच नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर ते १२ टक्क्यांच्या आसपास थांबतं, ८० असेल तर १६ च्या आसपास. वजन तीन-चार आठवडे जागचं हललं नाही की बाहेरचं काम संपलं. मग ज्या घरात टेबल राहणार त्या घरात, तशाच पट्ट्या घालून, अजून काही आठवडे. घरातली हवा कोरडी असते, तिथे ते परत उतरतं. हे न करता जोडलेलं टेबल सांध्यात उघडतं.

ओली_फळी
पाच महिने झाले. तुकडा ३.९९० वर गेले चार आठवडे थांबलाय, म्हणजे १४ टक्के. काल थप्पी उतरवली. प्रत्येक फळीवर सहा फुटी सरळ पट्टी धरून बघितली. २६ फळ्यांखालून कागदसुद्धा जेमतेम जातो. दहा इंचाच्या फळ्या आता साडेनऊच्या जवळ आल्यात. चारेक फळ्या टोकाला अर्धा-पाऊण फूट कापाव्या लागतील, त्या सुरुवातीच्या चार दिवसांच्या चिरा. गाभ्याची जी एक फळी चिरायला मन झालं नव्हतं ती मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलीये, फटीत बोट जातं.

एक फळी थोडी रंधून बघितली. आत फिकट पिवळसर, मधे तपकिरी पट्टा, आणि डागांच्या जागी करड्या रेघा राहिल्यात, त्या खालच्या अंगाला घेईन. आता सगळ्या फळ्या आतल्या खोलीत रचल्यात, ७ पट्ट्या, खाली ७ वासे. तुकडा पण आत आणलाय. आज सकाळी ३.९८५.